स्क्वॉट आणि डेडलिफ्ट: कोणते साहित्य आधी घ्यावे आणि का

फोंड्याहून आपण पाठवलेल्या प्रश्नात तीन तक्रारी आणि एक खरेदीची यादी आहे. आपले वजन 81 किलो, म्हणजे वजनगट 83 किलोचा. स्क्वॉट (बार, म्हणजे वजनांचा लोखंडी दांडा, खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणे) 130 किलो, डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभे राहणे) 160 किलो. चतुर्थीनंतर होणाऱ्या राज्यस्तरीय पॉवरलिफ्टिंग स्पर्धेच्या क्लासिक विभागात आपण प्रथमच उतरणार आहात. तक्रारी अशा की स्क्वॉट पुरेसा खोल जातो की नाही याविषयी जिममध्ये वाद होतात, डेडलिफ्टचा बार गुडघ्याशी येऊन अडतो आणि तिथे पाठ वाकते, आणि पावसाळा लागल्यापासून हातातून बार सुटतो. यादीत कंबरेला बांधायचा 13 मिलिमीटर जाडीचा लिव्हरचा (खटक्याने लागणारा) पट्टा, नी रॅप (गुडघ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या), उंच टाचेचे बूट आणि डेडलिफ्टसाठी स्ट्रॅप (हात बाराला बांधणाऱ्या पट्ट्या) आहेत आणि हाताशी दहा हजार रुपये आहेत. या चार वस्तूंपैकी दोन आपल्याला स्पर्धेत वापरताच येणार नाहीत, आणि उरलेल्या दोहोंची गरज आहे की नाही हे अजून तपासलेले नाही. म्हणून यादी बाजूला ठेवून तक्रारींपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. कोणती वस्तू घ्यायची हे तक्रारीच्या कारणावरूनच ठरते, आणि आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे मुख्यतः बार हलण्यापूर्वीच्या काही क्षणांत आहेत.

प्रथम नियमांविषयी थोडक्यात. इंटरनॅशनल पॉवरलिफ्टिंग फेडरेशन, म्हणजे आयपीएफ, 1972 मध्ये स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत दोन विभाग असतात. इक्विप्ड विभागात स्क्वॉट सूट, डेडलिफ्ट सूट, बेंच शर्ट आणि गुडघ्यांना गुंडाळायचे लांब नी रॅप चालतात. क्लासिक विभागात यांपैकी काहीही चालत नाही. तिथे साध्या आतल्या कपड्यांखेरीज आणि मोज्यांखेरीज पट्टा, 7 मिलिमीटरपर्यंत जाडीचे नी स्लीव्ह (गुडघ्यावर चढवायचे घट्ट आवरण), मनगटाचे रॅप, बूट आणि सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) एवढेच साहित्य मान्य आहे. हाताला बांधायचे स्ट्रॅप दोन्ही विभागांत निषिद्ध आहेत. आपल्या देशात पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्था एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येकीची नियमावली शब्दशः सारखी नसते, त्यामुळे आयोजकांकडून चालू वर्षाची नियमावली मागून घ्यावी आणि साहित्याच्या मान्यताप्राप्त यादीची सक्ती आहे का, हेही विचारावे. हा प्रश्न पैसे खर्च करण्यापूर्वी विचारायचा असतो. बरेच जण तो वजन-नोंदणीच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर विचारतात. पुढे मी जी मापे देत आहे ती आयपीएफच्या नियमांप्रमाणे आहेत.

आता स्क्वॉटची खोली. नियम असा आहे की नितंबाच्या सांध्यापाशी मांडीचा जो वरचा पृष्ठभाग असतो तो गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. मांडी जमिनीला समांतर झाली की पुरे, हा समज जिमोजिमी पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडचा वाद मिटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूला, तीनेक मीटर अंतरावर ठेवून चित्रण करणे. मोबाइल जमिनीवर ठेवला किंवा उभ्या माणसाने डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर कोन बदलतो आणि खोली आहे त्याहून वेगळी दिसते. समोरून किंवा तिरकस घेतलेले चित्रणही या कामाला निरुपयोगी आहे.

खोली कमी पडण्याचे कारण बहुतेक वेळा ताकदीत नसते. मी प्रथम घोटा तपासतो. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहावे, पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे 10 सेंटीमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. तो सहज लागला तर घोट्याची अडचण नाही. लागत नसेल किंवा एकाच पायाचा लागत असेल, तर खाली जाताना शरीर टाच उचलून किंवा कंबरेतून पुढे झुकून ती कमतरता भरून काढते आणि खोली येण्याआधीच तोल जातो. गोव्यात लहानपणापासून फुटबॉल खेळलेली मुले जिममध्ये येतात तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या एका घोट्यात जुन्या मुरगळण्याचा ताठरपणा राहिलेला असतो आणि त्यांना स्वतःलाही तो ठाऊक नसतो. याच्या अगदी उलट प्रकार गावच्या व्यायामशाळेत बैठका मारून आलेल्यांचा असतो. त्यांना खोलीची कधीच अडचण नसते, परंतु बैठकीत खाली जाताना टाचा उचलण्याची सवय पायात मुरलेली असल्यामुळे बार खांद्यावर आल्यावरही त्यांचा भार चवड्यांवर जातो.

भिंतीच्या चाचणीत आपला घोटा ताठर निघाला तरच उंच टाचेचे बूट घ्यावेत. या बुटांची टाच बहुधा 2 सेंटीमीटरच्या आसपास उंच असते आणि ती कडक, न दबणाऱ्या पदार्थाची असते. टाच उंचावल्यामुळे नडगी अधिक पुढे झुकू शकते, धड त्या मानाने उभे राहते आणि खोली गाठणे सोपे जाते. घोटा मोकळा असेल, विशेषतः आपण बार खांद्यावर खाली धरून आणि पाय रुंद ठेवून स्क्वॉट करत असाल, तर सपाट तळव्याचे बूटही तितकेच चांगले काम देतात. धावण्याचे बूट मात्र दोन्ही उचलींना अयोग्य आहेत. त्यांचा मऊ तळवा भाराखाली दबतो, तोही दोन्ही पायांखाली सारखा दबत नाही, आणि मग गुडघे आत का येतात याचे कारण आपण मांड्यांमध्ये शोधत बसतो.

डेडलिफ्टला उंच टाच नको. टाच जितकी वर तितके शरीर बारपासून वर आणि उचलीचे अंतर तितके जास्त. शिवाय तोल पुढे ढकलला जातो. पातळ तळव्याच्या डेडलिफ्ट स्लिपर बाजारात मिळतात, कुस्तीचे बूटही चालतात, आणि शाळेच्या पीटीच्या तासाला घालायचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आतली मऊ गादी काढून टाकली तर, पहिल्या स्पर्धेसाठी पुरेसे आहेत. अनवाणी उचल करणे स्पर्धेत मान्य नाही. आपला घोटा मोकळा असेल तर हेच कॅनव्हास स्क्वॉटलाही वापरता येतील आणि यादीतली सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक तिथेच गळून पडेल.

बूट ठरले की बाराची जागा. बार मानेच्या मुळाशी, ट्रॅपेझियस स्नायूच्या उंचवट्यावर ठेवला तर त्याला हाय बार म्हणतात. खांद्याच्या पात्यावर हाडाची जी आडवी कड असते तिच्याखाली, खांद्याच्या मागच्या स्नायूवर (डेल्टॉइडवर) ठेवला तर लो बार. लो बारमध्ये धड अधिक झुकते आणि भार नितंब व पाठीवर अधिक येतो, त्यामुळे बहुतेकांना काही किलो अधिक उचलता येतात; परंतु खांदे आणि मनगटे त्यासाठी तयार असावी लागतात. तीन महिन्यांवर पहिली स्पर्धा असताना बाराची जागा बदलण्याच्या फंदात पडू नये. जिथे तो आज बसतो तिथेच तो घट्ट बसवावा: कोपरे खाली, खांद्याची पाती एकमेकांकडे ओढलेली, पकड मनगट न मुडपता जितकी जवळ घेता येईल तितकी. मनगट दुखत असेल तर रिस्ट रॅप घ्यावेत. ते 1 मीटर लांब आणि 8 सेंटीमीटर रुंद असेपर्यंत मान्य आहेत आणि बेंच प्रेसलाही, म्हणजे बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलण्याच्या तिसऱ्या प्रकारालाही, उपयोगी पडतात.

रॅकमधून, म्हणजे बार टेकवण्याच्या चौकटीतून, बार काढल्यावर मागे येण्यासाठी तीन पावले पुरेत: एक पाय, दुसरा पाय, आणि तिसरे पाऊल अंतर नीट करण्यासाठी. जड बार घेऊन सहा-सात पावले चालणारे लोक उचल सुरू होण्यापूर्वीच दमतात. नंतर श्वास भरायचा, पंचांचा आदेश मिळेपर्यंत स्थिर उभे राहायचे, आणि खाली जाताना नितंब व गुडघे एकाच वेळी मोडायचे. गुडघे चवड्यांच्या दिशेने जायला हवेत. चवडे किंचित बाहेर वळलेले असतील तर गुडघेही तिकडेच. बार सर्व वेळ पावलाच्या मध्याच्या बरोबर वर राहिला पाहिजे. बाजूने घेतलेल्या चित्रणात बाराचे टोक एका उभ्या रेषेत वर-खाली जाते का हे पाहावे. ते खाली जाताना पुढे सरकत असेल, तर वर येताना नितंब आधी उठतील आणि छाती मागे राहील, हे जवळजवळ निश्चित असते.

आता पट्टा. यावर मी सविस्तर लिहितो, कारण सर्वांत अधिक गैरसमज याच वस्तूविषयी आहेत आणि सर्वांत अधिक उपयोगही हिचाच आहे. पट्टा पाठीला बाहेरून आधार देतो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे मुख्य काम पोटाच्या बाजूने चालते. आपण खोल श्वास घेऊन तो कोंडतो आणि पोटाच्या भिंती ताणतो, तेव्हा पोटातील दाब वाढतो आणि त्या दाबाने कणा ताठ राहण्यास मदत होते. श्वास कोंडण्याच्या या क्रियेला व्हाल्साल्व्हा असे नाव आहे. पट्टा असला की पोटाच्या स्नायूंना बाहेर ढकलण्यासाठी एक टणक पृष्ठभाग मिळतो आणि तोच श्वास अधिक दाब निर्माण करतो. मृदंगाचे चामडे कितीही चांगले असले तरी वादी ओढल्याशिवाय बोल उमटत नाही, तसे आतून पोट ताणलेले नसेल तर पट्टा नुसता कंबरेला गुंडाळलेला राहतो. म्हणून श्वास आधी पट्ट्याशिवाय शिकावा. दोन्ही हातांची बोटे बरगड्यांखाली बाजूंना दाबून ठेवावीत आणि श्वास असा घ्यावा की बोटे पुढे, बाजूला आणि मागे अशा तिन्ही दिशांना ढकलली जातील. खांदे वर उचलले गेले तर श्वास छातीत अडकला असे समजावे. खाली जाण्यापूर्वी श्वास भरायचा, तळाशी तो सोडायचा नाही, आणि वर येताना अडणारा टप्पा ओलांडल्यावर हळूहळू सोडायचा. ज्यांना उच्च रक्तदाब, हर्निया किंवा हृदयाचा काही त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून वजने उचलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे.

नियमाप्रमाणे पट्टा 10 सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि 13 मिलिमीटरपेक्षा जाड असू शकत नाही. तो चामडे किंवा तत्सम न ताणणाऱ्या पदार्थाचा असावा आणि आत वेगळी गादी नसावी. मागे रुंद आणि पुढे निमुळता असा जो पट्टा बऱ्याच जिममध्ये खुंटीला टांगलेला दिसतो, त्याचा पुढचा भाग अरुंद असल्यामुळे जिथे पोटाने ढकलायचे तिथेच जागा कमी पडते. सर्वत्र सारख्या रुंदीचा पट्टा घ्यावा. वेल्क्रोचा नायलॉनचा पट्टा सरावाला चालला तरी स्पर्धेसाठी घेऊ नये.

आपण 13 मिलिमीटरचा आणि लिव्हरचा पट्टा योजला आहे. माझ्या मते आपल्या वजनाला आणि सध्याच्या आकड्यांना 10 मिलिमीटर पुरेसा आहे. तेरा मिलिमीटरचा नवा पट्टा फार ताठ असतो, तो अंगाला बसायला पुष्कळ दिवस लागतात आणि तोवर तो बरगड्यांना व कंबरेच्या हाडाला खुपतो. लिव्हरची सोय ही की एका झटक्यात तो लागतो आणि सुटतो. अडचण ही की त्याचे माप बदलायचे तर स्क्रू काढावे लागतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी वजन द्यायचे, मग खायचे, मग स्क्वॉट, आणि कित्येक तासांनी डेडलिफ्ट, असा क्रम असतो, आणि या काळात पोटाचा घेर बदलतो. शिवाय पुष्कळ जणांना डेडलिफ्टला पट्टा स्क्वॉटपेक्षा थोडा वर आणि एक भोक सैल लागतो, नाहीतर खाली वाकताना तो बरगडीत रुततो आणि श्वास पुरा भरता येत नाही. एका काट्याच्या साध्या बकलच्या पट्ट्यात हे सगळे क्षणात साधते. दोन काट्यांच्या बकलचा मजबुतीच्या दृष्टीने विशेष लाभ मला कधी दिसला नाही. घामेजल्या हातांनी दोन्ही काटे एकदम बसवण्याचा त्रास मात्र दिसला आहे. पट्टा स्पर्धेच्या निदान दोन महिने आधी घ्यावा, सरावातील हलक्या संचांना (सलग उचलींच्या फेऱ्यांना) तो न लावता जड संचांनाच लावावा, आणि पोट सैल सोडल्यावर आत सपाट पंजा जेमतेम शिरेल इतका आवळावा.

नी स्लीव्हविषयी फार लिहिण्यासारखे नाही. निओप्रीनचे हे स्लीव्ह गुडघा उबदार ठेवतात, तळाशी किंचित उसळी देतात आणि मनाला धीर देतात. ते 30 सेंटीमीटरपेक्षा लांब नसावेत. गुडघा दुखत नसेल तर ही खरेदी शेवटी करावी, आणि दुखत असेल तर स्लीव्ह ओढून दुखणे झाकण्याऐवजी ते का दुखते हे पाहावे. नी रॅपची गोष्ट निराळी आहे. ते इतके घट्ट गुंडाळले जातात की खाली जाताना ताणले जाऊन वर येताना प्रत्यक्ष ताकद परत करतात, आणि त्यामुळेच क्लासिकमध्ये त्यांना मनाई आहे. रॅप बांधून मारलेला 150 चा स्क्वॉट आपल्याला स्पर्धेतल्या पहिल्या प्रयत्नाविषयी काहीही सांगत नाही. ते यादीतून काढून टाकावेत.

डेडलिफ्टकडे वळण्यापूर्वी आपल्या जिममधील बार आणि प्लेट (बाराला चढवायच्या वजनाच्या चकत्या) मोजून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो. स्पर्धेचा बार 20 किलोचा असतो आणि दोन कॉलर (प्लेट सरकू नयेत म्हणून लावायच्या कड्या) प्रत्येकी अडीच किलोच्या, म्हणजे प्लेट चढवण्यापूर्वीच 25 किलो. लहान जिममधील बार पुष्कळदा 20 किलोहून हलका असतो आणि कॉलर म्हणून हलकी स्प्रिंग असते. कोणत्याही दुकानातल्या मोठ्या वजनकाट्यावर बार ठेवून पाहिला की आपला 160 खरोखर 160 आहे का हे कळेल. दुसरे मोजमाप उंचीचे. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणून जमिनीपासून बाराच्या मध्यापर्यंत साडेबावीस सेंटीमीटर अंतर असते. अनेक जिममध्ये रबर चढवलेल्या 20 किलोच्या प्लेटही यापेक्षा लहान असतात आणि 10-15 किलोच्या लोखंडी प्लेट तर फारच लहान. अशा वेळी बार तीन-चार सेंटीमीटर खाली राहतो, आपण त्याला पकडण्यासाठी अधिक वाकतो, आणि पाठ वाकण्याचा दोष तंत्राला देतो. दोन्ही बाजूंना रबराच्या चटया किंवा फळ्या ठेवून उंची बरोबर करून घ्यावी. आपल्या दुसऱ्या तक्रारीचा काही भाग यानेच कमी होण्याची शक्यता आहे.

उरलेला भाग उचलीपूर्वी शरीर कसे मांडता याचा आहे. बार गुडघ्याशी अडतो तेव्हा चूक गुडघ्याशी झालेली नसते. बार जमिनीवरून सुटताना तो पायांपासून पुढे गेलेला असतो आणि त्याची किंमत गुडघ्याशी मोजावी लागते. उभे राहिल्यावर बार पावलाच्या मध्यावर असावा, नडगीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर. बार न हलवता खाली वाकून तो पकडावा. मग गुडघे पुढे आणून नडगी बाराला लावावी. इथे बहुतेक जण नितंब अजून खाली नेऊन स्क्वॉटसारखे बसतात. तसे केल्याने नडगी बाराला पुढे ढकलते, आणि उचल सुरू होताच नितंब त्यांच्या स्वाभाविक उंचीवर परत उडी मारतात. नितंबांची उंची प्रत्येकाच्या मांडी आणि धडाच्या लांबीवरून ठरते, दुसऱ्याची पाहून ती ठरवता येत नाही. बाजूने पाहिल्यास खांदा बाराच्या किंचित पुढे असावा.

यानंतरचा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्वास भरायचा, छाती थोडी वर आणायची, काखा घट्ट आवळून बार नडगीकडे ओढून धरायचा आणि हळूहळू वर ताण द्यायचा, इतका की बार आणि प्लेटच्या भोकामधील मोकळी जागा भरून येईल आणि बारीक खटका ऐकू येईल. बार अजून जमिनीवरच आहे, पण आता हात, पाठ आणि बार यांत ढिलेपणा उरलेला नाही. त्याच ताणातून पायांनी जमीन खाली ढकलायची. हिसका मारून उचल सुरू करणाऱ्याची पाठ पहिल्याच क्षणी गोल होते, आणि एकदा भाराखाली गोल झालेली पाठ त्या उचलीत पुन्हा सरळ करता येत नाही. बार नडगी आणि मांडीला घासतच वर आला पाहिजे. गुडघा ओलांडल्यावर नितंब पुढे आणायचे आणि गुडघे, नितंब व खांदे एकत्र सरळ करून थांबायचे. मागे वाकून दाखवण्याची गरज नाही.

सरावासाठी पुढील सहा-सात आठवडे आठवड्यातून एकदा 100 ते 110 किलोवर, गुडघ्याच्या जरा खाली दोन सेकंद थांबून, तीन-तीन उचलींचे काही संच करावेत. बार पुढे गेला असेल तर त्या थांब्यात तोल चवड्यांवर जाऊन तो लगेच कळतो, आणि वजन कमी असल्यामुळे दुरुस्त करता येतो. सूमो पद्धतीने, म्हणजे पाय रुंद ठेवून आणि हात आत घेऊन, उचल करणेही नियमात बसते. लांब धड आणि लहान हात असणाऱ्यांना ती सोयीची पडते, परंतु एवढ्या थोड्या अवधीत ती नव्याने शिकू नये.

तिसरी तक्रार पकडीची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या हवेत इतका दमटपणा असतो की हात पुसला तरी क्षणात पुन्हा ओलसर होतो, बाराच्या खरबरीत भागात घाम, चॉक (पकडीसाठी हाताला लावायची पांढरी भुकटी) आणि गंज यांचा लेप बसतो आणि तो भाग गुळगुळीत होतो. प्रथम बार साफ करावा. कडक नायलॉनच्या ब्रशने कोरडा घासून, फडक्याने पुसून, यंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात द्यावा आणि तो पुन्हा पुसून काढावा. पणजी किंवा वास्कोसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या जागी हे आणखी वरचेवर करावे लागते. मॅग्नेशियम कार्बोनेटचा चॉक हवाबंद डब्यात ठेवावा. बऱ्याच जिमचे मालक फरशी खराब होते म्हणून चॉकला मनाई करतात. तिथे द्रवरूप चॉक वापरावा, त्यातील अल्कोहोल उडून जाते आणि हातावर पातळ थर राहतो.

पकडीचे दोन प्रकार आपल्यासमोर आहेत. एक तळहात आत आणि एक बाहेर, ही मिश्र पकड शिकायला सोपी आहे. तिच्यात तळहात पुढे वळलेल्या हाताचे कोपर पूर्ण सरळ राहिले पाहिजे, कारण कोपर वाकवून ओढताना त्या बाजूच्या बायसेप्सचा स्नायुबंध फाटण्याचा धोका असतो. हुक पकडीत अंगठा बाराभोवती गुंडाळून त्यावर बोटे आवळतात. बार फिरत नाही आणि दोन्ही खांदे सारखे राहतात, पण अंगठा सुरुवातीचे काही आठवडे चांगलाच दुखतो. अंगठ्यावर वैद्यकीय चिकटपट्टीचे दोन थर आयपीएफच्या नियमांत मान्य आहेत. ज्यांचे हात लहान आहेत त्यांना हुक अवघड जाते. स्ट्रॅप सरावात पाठीच्या जास्त उचलींच्या संचांना वापरायला हरकत नाही, पण जड एकेरी उचली नेहमी उघड्या हातानेच कराव्यात. तळहातावरचे घट्टे आंघोळीनंतर वज्रीने घासून सपाट ठेवावेत, कारण उंच घट्टा बाराखाली चिमटून फाटतो आणि मग आठवडाभर पकड जाते.

हाताला चॉक आणि मांडीला टाल्कम पावडर, हा क्रम लक्षात ठेवावा. मांडीवर पावडर लावल्याने बार घसरत वर येतो. ती दुसऱ्या कोणाकडून लावून घ्यावी, नाहीतर पावडरीचे हात बाराला लागतात. तेल किंवा इतर चिकट, घसरट पदार्थ अंगाला लावणे निषिद्ध आहे. डेडलिफ्टला गुडघ्याखालपर्यंतचे लांब मोजे सक्तीचे आहेत, कारण घासलेल्या नडगीचे रक्त बाराला लागू नये. ते मोजे नी स्लीव्हला भिडता कामा नयेत. सिंगलेटच्या आत साधा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट असावा. आणि एक बारीक बाब, जिच्यामुळे पहिल्या स्पर्धेत धांदल उडते: आतली चड्डी साधी, पाय नसलेली हवी, मांडीवर उतरणाऱ्या घट्ट चड्ड्या साहित्य तपासणीत परत केल्या जातात.

पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला हिरवी-पांढरी बुरशी धरते. सरावानंतर तो बॅगेत कोंबून न ठेवता कोरड्या फडक्याने पुसून घरात हवेशीर जागी टांगावा; उन्हात टाकू नये, चामडे तडकते. स्लीव्ह सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली वाळवावेत, अन्यथा त्यांच्या वासाने शेजारचा उचलणारा जागा बदलेल.

तेव्हा दहा हजारांची मांडणी अशी करता येईल: प्रथम भिंतीची घोट्याची चाचणी. घोटा मोकळा असेल तर कॅनव्हासचे बूट, 10 मिलिमीटरचा एका काट्याचा पट्टा, चॉक, सिंगलेट, लांब मोजे आणि उरलेल्या पैशांत रिस्ट रॅप किंवा स्लीव्ह. घोटा ताठर असेल तर उंच टाचेचे बूट आणि पट्टा, आणि स्लीव्ह पुढच्या वर्षी. मान्यताप्राप्त यादीतील आयात केलेला पट्टा एकटाच रकमेचा मोठा भाग खाऊ शकतो, म्हणून यादीची सक्ती आहे का हे आयोजकांना आधी विचारावे, असे मी वर म्हटले.

शेवटी आदेश आणि पहिले प्रयत्न. स्क्वॉटला ‘स्क्वॉट’ आणि ‘रॅक’ असे दोन आदेश असतात, डेडलिफ्टला ‘डाऊन’ हा एकच. आदेशापूर्वी खाली गेलात, बार रॅककडे नेलात किंवा खाली ठेवलात, तर उत्तम उचलही बाद होते. बार मांडीवर टेकवून हिसक्यांनी वर नेणे, वर जाताना बार मध्येच खाली येणे आणि शेवटी तो हातातून सोडून देणे हेही दोष आहेत. आतापासून जिममधील एखाद्या मित्राला प्रत्येक जड उचलीला मोठ्याने आदेश द्यायला सांगावे आणि त्याने मुद्दाम कधी लवकर, कधी उशिरा बोलावे. प्रत्येक प्रकाराला तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्ही स्क्वॉट बाद झाले तर एकूण वजनाच्या क्रमवारीतून आपण बाहेर पडता, म्हणून पहिला प्रयत्न जिममध्ये कोणत्याही दिवशी तीनदा मारता येईल असाच असावा. मोजलेल्या बारावर आजचेच आकडे कायम राहिले तर स्क्वॉट 115 किंवा 117.5 किलोने आणि डेडलिफ्ट 140 किंवा 142.5 किलोने उघडावी. वजनकाट्यावर बार हलका निघाला, तर तेवढे किलो यातून आधी वजा करावेत.